ऑर्गन कुणाचं ऐकत नाही

माझ्या सासूबाईंनी मला जावई म्हणून पसंत केलं ते माझी कमाई किंवा माझं तोंड बघून नव्हे. माझा आवाज खालचा आहे म्हणून. त्यांच्या कॉयरला, म्हणजे गायकवृंदाला, खालच्या आवाजाचा पुरुष हवा होता. माझ्या दुकानात त्या चष्मा करायला आल्या, मी त्यांना समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली, तर अक्षरं राहिली बाजूला आणि त्यांनी मलाच विचारलं, तुम्ही गाता का म्हणून. मी नाही म्हटलं. 'गाल,' असं म्हणून त्यांनी वरची ओळ वाचायला घेतली. मुलगी मी नंतर पाहिली. आधी तालमीला जाऊन आलो.

त्या मुलीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आणि सुराचा छत्तीसचा आकडा आहे. आईने सगळं गाणं स्वतःकडेच ठेवून घेतलं, मला काही दिलं नाही, असं ती म्हणते. त्यामुळे आमच्या घरात गाण्याबद्दल बोलायचं तर जावयाने सासूशी आणि सासूने जावयाशी. लोकांना याचं हसू येतं. येऊ दे.

आम्ही गातो ते चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचं, चर्चमधलं, लॅटिन भाषेतलं गाणं. साथीला वाद्य नाही, नुसते गळे. चार आवाज, कधी पाच, आणि प्रत्येकाची वाट वेगळी. एकाने चाल म्हणायची आणि बाकीच्यांनी री ओढायची असला प्रकार नाही. एक जण निघतो, मागून दुसरा तीच ओळ घेऊन येतो, तोवर पहिला भलतीकडेच पोचलेला असतो, आणि तरीही मध्येच कुठेतरी सगळे एकदम भेटतात. पहिलं वर्षभर मला काय चाललंय ते कळत नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून कळत नाही. मी एक युक्ती धरली होती. सासूबाई आल्टो गातात, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, आणि त्या पुढच्या रांगेत बरोबर माझ्यासमोर उभ्या असायच्या. मी त्यांचा अंबाडा बघायचो आणि त्यांचं ऐकून गायचो. त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, कानाला हेडफोन लावून ह्याला त्याच्याशी जोडून द्यायचं काम. मलाही त्यांनी तसंच जोडून दिलं असं मी समजत होतो.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग चर्चचा ऑर्गन दुरुस्त झाला.

हा ऑर्गन इतकी वर्षं बंद होता की तो वाजतो हेच आम्ही विसरलो होतो. उंदरांनी त्याचा भाता खाल्ला होता. कुणीतरी देणगी दिली, कारागीर येऊन नळ्या काढून धुऊन गेले, आणि आमच्या मॅडमना हुरूप आला. मॅडम म्हणजे कॉयरच्या संचालिका. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, संगीत शिकलेल्या, हातात सदानकदा सूर पडताळायचा नादकाटा. तो गुडघ्यावर आपटायचा आणि कानाशी न्यायचा ही त्यांची सवय, त्यामुळे गुडघा नेहमी दुखत असावा असा माझा अंदाज आहे. त्यांनी कार्यक्रमासाठी एक मोठं स्तोत्र काढलं. एक कडवं ऑर्गन वाजवणार, पुढचं आम्ही गाणार, पुन्हा ऑर्गन, पुन्हा आम्ही. जुन्या काळी चर्चमध्ये अशीच पद्धत होती म्हणे.

ऑर्गनबरोबरच्या पहिल्या तालमीला, चर्चमध्ये, आम्ही आमचं कडवं गायलो. छान गायलो, अंगावर काटा आला. शेवटचा सूर विरला, ऑर्गनने पुढचं कडवं सुरू केलं, आणि जमीन सपाट आहे समजून चालावं आणि उंबऱ्याला अंगठा ठेचावा तसं झालं. ऑर्गन वर होता, आम्ही खाली. आम्ही गाता गाता चांगले पाव सूर उतरलो होतो. सगळे मिळून उतरलो, म्हणून कुणालाच कळलं नाही.

आता, एवढी वर्षं आम्ही असेच उतरत असणार. पण साथीला वाद्यच नव्हतं, तर सांगणार कोण? मॅडमना काट्यामुळे थोडा संशय होता, पण त्या बोलल्या नव्हत्या. ऑर्गनने मात्र सगळ्यांसमोर उघडं पाडलं. लगेच तोंडं सुटली. वरच्या आवाजाच्या बायका म्हणाल्या, बास, म्हणजे आम्ही खालच्या आवाजाचे पुरुष, ओढतो खाली. टेनरवाले, म्हणजे पुरुषांमधला वरचा आवाज, म्हणाले, इथे हवा खेळत नाही. माझ्या शेजारी जो दुसरा बास उभा असतो तो बेकरीवाला; तो पहाटेपासून उठलेला असतो, तो म्हणाला की मी उतरलो असेन तर झोपेत उतरलो असेन. सासूबाई तेवढ्यात आपले कागद गोळा करून पिशवीत भरत होत्या.

मग मॅडमनी शोध सुरू केला. त्या पद्धतशीर बाई आहेत. वरच्या बायकांना गप्प बसवलं, बाकीच्यांना गायला लावलं, शेवटी काटा वाजवून पाहिला: उतरलो. टेनर गप्प: उतरलो. बास गप्प केला तर कुणाचा पाय ठरेना, सगळे भेलकांडले, म्हणून ती चाचणी त्यांनी अर्ध्यावरच सोडली. आल्टो गप्प केला, आणि आम्ही जिथल्या तिथे राहिलो. मग आल्टोतल्या बायकांना एकेक करून बसवलं. एक बसली, उतरलो. दुसरी बसली, उतरलो. सासूबाई बसल्या आणि पट्टी खिळ्याने ठोकल्यासारखी राहिली.

हे सगळं खेळीमेळीत चाललं होतं, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नसावं. माझ्या आलं. मॅडमच्याही आलं. तालीम संपल्यावर त्यांनी मला खुर्च्या ठेवायच्या खोलीत गाठलं. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, फिनाईलचा वास, आणि त्यात ह्या मला हळू आवाजात सांगतायत की वय झालं की असं होतं, कान मऊ पडतात, त्यांचा काही दोष नाही. त्यांना या कार्यक्रमापासून थांबवावं लागेल. तुम्ही घरचे आहात, तुमच्याकडून आलेलं बरं दिसेल.

बरं दिसेल! जिने मला गायला लावलं तिला मी जाऊन सांगायचं की आता तुम्ही गाऊ नका. सासरे गेले तेव्हा चार दिवस सासूबाई कुणाशी बोलल्या नव्हत्या. पाचव्या दिवशी तालमीला आल्या आणि तिथे तोंड उघडलं. त्या माणसाला मी हे कुठल्या तोंडाने सांगणार? पण मला खरी टोचणी वेगळीच होती. मी वीस वर्षं त्यांच्या मागे उभा आहे. त्यांचा सूर खोटा लागलेला मी एकदाही ऐकलेला नाही. मग पट्टी उतरते ती कशी? माझे कान खोटे, की मॅडमचा काटा?

मी घरी कुणालाच काही बोललो नाही. त्या रविवारी सरावाचं निमित्त काढून सासूबाईंकडे गेलो. त्या आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. मोबाईलमध्ये सूर मोजायचं एक ॲप घालून घेतलं होतं, तो फोन टेबलावर चष्म्याच्या घराला टेकवून असा ठेवला की पडदा मला दिसेल, त्यांना नाही. चोरासारखंच वाटत होतं. त्यांना म्हटलं, आई, तुमची ओळ एकदा एकट्या म्हणा. त्या खुर्चीत ताठ बसून पूर्ण कडवं गायल्या. फोनवरची सुई मधल्या रेघेवरून हलली नाही. शेवटच्या सुरापर्यंत नाही. माझ्या वयाची माणसं असं गात नाहीत.

मग मी एकटा गायलो. सुई थोडी थरथरली, पण शेवटी जागेवरच होती. स्वतःवरच खूश झालो. मग आम्ही दोघे मिळून गायलो, आणि सुई उतरली. हळूहळू, ओळीगणिक, अगदी कळेल न कळेल अशी, आणि कडवं संपलं तेव्हा चांगली खाली येऊन बसली होती.

मी पुन्हा म्हणू म्हटलं. पुन्हा उतरली. त्यांनी विचारलं, काय झालं, चेहरा का पडला? मी म्हटलं काही नाही, ॲसिडिटी. त्यांनी उठून थंड दूध दिलं आणि मी ते निमूट प्यायलो.

तो आठवडा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर भिंगं बदलत 'हे बरं की ते बरं' विचारायचं हे माझं काम, आणि तो माणूस दोन्ही सारखीच म्हणाला तर मी चक्क त्याच्यावर चिडलो. पण एक गोष्ट आठवली. कधी कधी डाव्या डोळ्याचा नंबर बरोबर असतो, उजव्याचा बरोबर असतो, आणि चष्मा घातला की माणसाचं डोकं दुखतं. दोन्ही भिंगं खरी, पण त्यांची एकमेकांशी जुळणी चुकलेली. मला वाटलं आमचं असलंच काहीतरी आहे. पण म्हणजे काय, ते मला सांगता येईना.

मी मॅडमकडे गेलो. त्या मुलांची शिकवणी संपवून वर्गातला फळा पुसत होत्या. मी जे पाहिलं ते सांगितलं. त्या आधी ऐकून घेत नव्हत्या, मग खडू ठेवून ऐकू लागल्या, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग त्यांनी मला समजावलं, ते मी समजलो तेवढं असं: मी खाली एक सूर धरतो. सासूबाई त्याच्यावर आपला सूर लावतात, तो माझ्या सुराला अगदी गोड लागेल तिथे लावतात. हा गोड सूर वाद्यातल्या सुरापेक्षा केसभर खाली असतो. मग माझा पुढचा सूर मी त्यांच्या सुरावरून उचलतो, तोही त्याला अगदी गोड लागेल असा. म्हणजे तोही केसभर खाली. त्यावर त्या पुन्हा. असं एकमेकांना धरून आम्ही उतरत जातो, आणि बासवर सगळ्या कॉयरचा पाय असल्यामुळे मागोमाग सगळेच उतरतात.

"म्हणजे चूक कुणाची?" मी विचारलं.

"कुणाचीच नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी फार सुरात आहात."

"मग त्यांना का काढायचं?"

"कारण ऑर्गन कुणाचं ऐकत नाही," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, मग मला काढा. दोघांतला एक गेला की झालं ना? त्या म्हणाल्या, आल्टोत तिघी आहेत आणि बासमध्ये दोन, त्यातला एक झोपेत गातो. तुम्हाला काढून कसं चालेल? मी बराच वेळ हुज्जत घातली. शेवटी त्यांनी एक मार्ग काढला. तुम्हाला दोघांना दोन टोकांना उभं करते. तुम्ही त्यांचा सूर घ्यायचा नाही, ऑर्गनचा शेवटचा सूर डोक्यात धरून ठेवायचा आणि तेवढ्यावरच गायचं. कार्यक्रमात पट्टी राहिली तर त्या राहिल्या. उतरली तर मात्र मी स्वतः त्यांना सांगणार. मी कबूल केलं. सासूबाईंना यातलं काही सांगायचं नाही, हेही मीच म्हटलं. त्यांना कळलं असतं तर त्या त्याच दिवशी पिशवी उचलून घरी गेल्या असत्या, मला माहीत होतं.

पुढच्या तालमीला मॅडमनी सांगितलं की चर्चमध्ये आवाज घुमतो, म्हणून जागा बदलतोय. सासूबाईंना डावीकडे टोकाला, मला उजवीकडे टोकाला. त्यांनी मान डोलावली आणि आपले कागद घेऊन तिकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, जावईबापू, सुटलात माझ्या अंबाड्यातून. मी हसलो. मला हसणं भाग होतं.

त्यांना न ऐकता गायचं म्हणजे काय, ते मला त्या दोन आठवड्यांत कळलं. म्हणजे कळलं नाहीच, नुसतं केलं. ऑर्गनचा सूर मनात घोकायचा आणि खाली मान घालून आपलं आपण म्हणायचं. कुठे काय चाललंय याचा पत्ता नाही. पहिल्या वर्षी मी असाच होतो. फरक एवढाच की आता माझे सूर बरोबर होते, आणि मॅडम अंगठा वर करून दाखवत होत्या. आपण सुधारतोय की बिघडतोय हेच मला समजेना. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, तू गाऊन आलास की आधी खूश असायचास, हल्ली भूक लागली म्हणतोस.

कार्यक्रमाला चर्च भरलं होतं. बायको पहिल्या बाकावर बसली होती, कारण मागे बसली तर झोप लागते. ऑर्गनने सुरुवात केली. पहिलं कडवं आम्ही गायलो, ऑर्गन आत आला, ठेच लागली नाही. दुसरं, तिसरं. प्रत्येक वेळी ऑर्गन येताना मी ठेच लागायची वाट बघायचो आणि प्रत्येक वेळी जमीन सपाट निघायची. मॅडमचा चेहरा खुलत चालला होता.

शेवटच्या कडव्यात एक जागा आहे. बाकीचे आवाज एकेक करून थांबतात. आल्टोचा एकच लांब सूर उरतो, आणि काही क्षणांनी त्याच्याखाली बास येतो. त्या जागी दुसऱ्या आल्टोंना मॅडम गप्प ठेवतात आणि बेकरीवाल्यालाही, कारण ती जागा नाजूक आहे. म्हणजे फक्त आम्ही दोघे. इतक्या वर्षांत अशा जागी मी एकदाही मात्रा मोजल्या नव्हत्या. त्यांचा सूर ऐकायचा, तो आपल्याला बोलावतो, आपण त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं, बस.

सासूबाईंचा सूर लागला. रांगेच्या दुसऱ्या टोकाहून तो मला लख्ख ऐकू आला. तो केसभर खाली होता, आणि इतका गोड होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वाट बघत होत्या. मला ठाऊक होतं, मी त्याला धरून आलो तर आम्ही उतरणार, ऑर्गन येणार, सगळ्यांना ऐकू जाणार, आणि उद्या मॅडम त्यांच्या दाराशी. मी डोक्यातला ऑर्गन धरला आणि तिथून सूर लावला.

दोन्ही सूर एकमेकांना घासले. बाहेरच्या कुणाला कळलंही नसेल, पण आम्हाला कळलं. त्यांनी आपला सूर तसाच धरून ठेवला, मला यायला वेळ दिला. मी हललो नाही. मग त्यांचा सूर हळूच वर आला, माझ्याशी जुळला, आणि तिथे नुसता थांबून राहिला. पुढचे आवाज आले, कडवं संपलं, ऑर्गन आत आला. ठेच लागली नाही. मॅडमनी डोळे मिटून घेतले. टाळ्या पुष्कळ वाजल्या. बेकरीवाल्याने माझ्या पाठीत थाप मारली.

घरी येताना बायको पुढे चालत होती, फोनवर कुणाला तरी कार्यक्रम किती छान झाला ते सांगत होती. मी आणि सासूबाई मागे. त्यांची पिशवी मी घेतली होती. इमारतीच्या दारापाशी आल्यावर म्हणाल्या की पुढच्या आठवड्यापासून त्या तालमीला येणार नाहीत. जिने चढून दमायला होतं म्हणे. तालमीचा हॉल तळमजल्यावर आहे. मी म्हटलं, आई, काय झालं ते सरळ सांगा.

"शेवटच्या कडव्यात मी तुम्हाला ऐकू आले नाही का?"

"आलात."

"मग?"

आता लपवून काय करायचं होतं? मी सगळं सांगून टाकलं. खुर्च्यांची खोली, फोन, मॅडमचं म्हणणं, दोन टोकं, सगळं. पट्टी उतरली असती तर तुम्हाला काढलं असतं, म्हणून मी आलो नाही, असं सांगितलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. निदान राग तरी जाईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातातून पिशवी घेतली.

"मग काढू द्यायचं होतं," त्या म्हणाल्या. "गेले असते मी. पण त्या जागेला तुम्ही आला असतात ना. आता माझी कॉयरमधली जागा राहिली, पण त्या सुरावर मी एकटीच उभी होते."

मी काहीतरी बोलायला गेलो, पण त्यांनी किल्ली काढली होती. चुकलो का मी? मला खरंच कळत नाही. त्यांच्यासाठीच केलं होतं. बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली की तुमच्या गाण्यातलं मला काही विचारू नकोस, आणि मग थोड्या वेळाने म्हणाली की आई जेवली नाही. मी खाली जाऊन बेल वाजवली. दार उघडलं, मला आत घेतलं, पाणी दिलं, माझ्या दुकानाची चौकशी केली. गाण्याबद्दल एक शब्द नाही.

काल तालीम झाली. मॅडमनी आल्टोतल्या उरलेल्या दोघींना जवळ जवळ उभं केलं आणि मला पुन्हा माझ्या जुन्या जागेवर आणलं, आता हरकत नाही म्हणाल्या. आम्ही ते स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलो. त्या जागी दोघींपैकी एकीने सूर लावला, मी त्याच्याखाली गेलो, आणि शेवटी मॅडमनी काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. पट्टी अजिबात उतरली नव्हती.